८०० मधली टेप लावलेली वायर

गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, कोल्हापूरला उद्यमनगरात. "ही वायर कसली बघा जरा" म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं असतंच आणि बहुतेक वेळा ती वायर नंतर कुणीतरी घुसडलेली निघते, गाण्यांच्या टेपची नाहीतर फॉगलॅम्पची. ओळखायला सोपी, अख्खी एका रंगाची, अंगावर रेघ नाही, जाडी वाट्टेल ती.

मंगळवारी एक रिटायर्ड सर १९९८ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घेऊन आले. तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. बॉनेट उघडून म्हणाले, "हे लोंबतंय बघा, पुतण्या म्हणतो कापून टाका." असला एक पुतण्या प्रत्येक घरात असतो.

पिवळी वायर, त्यावर काळी रेघ, म्हणजे ओरिजिनल हार्नेसमधली, कंपनीच्या वायरींच्या जुडग्यातली. टोकाला काळी टेप गच्च गुंडाळलेली. सोडवली तर आत कनेक्टर शाबूत, नुसता तेलकट. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल या टोकाला. चावी बंद, शून्य. चावी ऑन, १२.३ व्होल्ट. इथंच भलेभले फसतात, बारा दिसले की म्हणतात सप्लाय आहे, जोड कशालातरी. अरे पण मीटर करंट ओढतो किती, मध्ये बल्ब असला तरी तो पूर्ण व्होल्टेजच दाखवणार! म्हणून मी अजून टेस्ट लॅम्प वापरतो, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, नवीन पोरं हसतात त्याला. (नव्या गाडीत ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅगच्या वायरींना हा लावू नका, जाळून बसाल.)

मल्टिमीटरच्याच जागी लावला. पेटलाच नाही. आणि आत बसलेला आमचा पोरगा ओरडला, "दादा, डॅशबोर्डच्या मीटरमधी लाल दिवा लागला!"

तेलाच्या किटलीचा दिवा. त्या बल्बला सप्लाय चावीकडून मिळतो आणि अर्थ, म्हणजे निगेटिव्ह, इंजिनवरच्या ऑइल प्रेशर स्विचमधून; आत्ता तो माझ्या टेस्ट लॅम्पमधून मिळाला. प्रेशर नाही तोवर स्विच अर्थ देतो, इंजिन सुरू होऊन प्रेशर आलं की तोडतो. वायर काढून ठेवली की दिवा गप्प, ऑइल असो नसो. चावी ऑन केल्यावर, स्टार्ट मारायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे, सगळ्यांना सांगून दमलो, कोण बघत नाही. सरांनी पण तीन महिने बघितलं नव्हतं.

मला वाटलं ऑइल बदलताना कुणाचा तरी हात लागून निघाली असेल. स्विचवर बसवली, चावीला दिवा लागला, स्टार्ट केल्यावर विझला. सर खूष. मी म्हटलं थांबा, गरम होऊ दे. दहा-बारा मिनिटांनी पंखा सुरू झाला आणि आयडलला, रेस न देता, दिवा लुकलुकायला लागला. डिपस्टिक ओढली, ऑइल मापात. स्विच नवा टाकला, तेच. मग स्विच काढून तिथं प्रेशर गेज लावला, गरम इंजिनला आयडलवर काटा जवळजवळ झोपलेला. म्हणजे पंप तरी गेलाय नाहीतर बेअरिंग खाल्लंय, इंजिन उतरवायचं काम.

तेव्हा त्या टेपचा अर्थ लागला. चुकून सुटलेल्या वायरीला कोण एवढी नीट टेप मारत नाही. दिवा लुकलुकत होता, कुणीतरी त्याचं तोंड बांधलं आणि गाडी विकली. आमच्याच लाइनमधल्या कुणीतरी केलं असणार, साध्या माणसाला ही वायर सापडणार नाही.

सरांना सगळं सांगितलं, गेज दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "पण हा दिवा आधी लागत नव्हता हो. तुम्ही वायर जोडल्यापासून लागतोय."

मी परत सांगितलं.

"बरं, सध्यापुरती काढून ठेवा. रविवारी गारगोटीला जायचंय."

नाही म्हटलं. इंजिनवाल्या मेस्त्रीचा नंबर दिला. स्विचचे पैसे घेतले, मजुरी मागायचा धीर झाला नाही. सर दिवा लुकलुकत ठेवूनच गेले.

पोरगा हात पुसत म्हणाला, "दादा, पुतण्याकडं टेप असंलच की."