संध्याकाळी १८, रात्री १३

त्या सोमवारी, २० डिसेंबर २०२१ ला, तुर्कस्तानातल्या बुर्सात कुणी भावच सांगायला तयार नव्हतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात मी खरेदी सांभाळत होतो. पुण्यात हेच काम केलेलं, त्यामुळे घासाघीस अंगवळणी पडलेली. पण घासाघीस करायला समोरच्याने आधी आकडा तर बोलावा! पत्र्याचा व्यापारी म्हणाला, "दादा, आज लिरात विचारू नका. डॉलरमध्ये घेता का बोला." दुसऱ्याने कोटेशन पाठवलं, मुदत अर्धा तास. आमच्याकडे एक सही व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागायचा.

वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेसात लिरांच्या आत होता. महागाई चढत असताना सप्टेंबरपासून मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवत गेली, १९ टक्क्यांवरून १४ वर, आणि लिरा घसरत गेला. व्याजामुळेच महागाई वाढते, असा राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा ठाम सिद्धांत. आदल्याच दिवशी त्यांनी धर्मातल्या व्याजबंदीचा दाखला दिला होता, आणि नोव्हेंबरात या धोरणाला 'आर्थिक स्वातंत्र्ययुद्ध' म्हटलं होतं. ज्या लढ्यातून अतातुर्कांचं तुर्की प्रजासत्ताक उभं राहिलं, त्याचं नाव व्याजदराला! मग डॉलर घेणं हा नुसता व्यवहार राहतो कसा?

जेवणाच्या सुट्टीत हेच पेटलं. प्रेस शॉपचा फोरमन एर्दोआन यांचा कट्टर माणूस. "डॉलर साठवणारे देशाचे नाहीत," तो म्हणाला. हिशेबाच्या बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "पगार झाला की सोनाराकडे कोण धावतं? आधी ते सोनं विकून लिरा घ्या." तो खो खो हसला. सोनं त्याच्या हिशेबात देशद्रोहात मोडत नव्हतं. (आमच्याकडेही मोडत नाही.) बाईंनी मग संयुक्त अरब अमिरातीचा विषय काढला. तुर्कस्तानातल्या २०१६ च्या फसलेल्या लष्करी बंडामागे अमिरातीचा हात होता, असं हाच फोरमन वर्षानुवर्षं सांगायचा. आणि नोव्हेंबरात अबू धाबीचे युवराज अंकाऱ्यात आले, मानवंदना झाली, १० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. यावर मात्र तो हसला नाही.

दुपारी मालक घाबरले. १७ च्या वरच्या दराने डॉलर घेऊन पत्र्याची आगाऊ रक्कम भरायला लावली. संध्याकाळी दर १८ च्या पलीकडे गेला, तेव्हा ते स्वतःवर खूश होते.

मग मंत्रिमंडळाची बैठक संपवून एर्दोआन टीव्हीवर आले. लिरात ठेव ठेवा. मुदतीत लिरा व्याजापेक्षा जास्त घसरला, तर फरक सरकार भरून देईल. फोरमनने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "म्हणजे ठेव लिरात आणि मोजायची डॉलरने. पैसे कुणाचे? करदात्यांचे." मला त्यांचं पटलं, पण पडद्यावरचा आकडा त्यांचं ऐकत नव्हता. १७, १६, १५... मध्यरात्रीपर्यंत १३ च्या आसपास. मालकांचा फोन येत राहिला, आणि दर वेळी त्यांचा आवाज एक पट्टी वर. त्या रात्री सरकारी बँकांनी भरपूर डॉलर विकल्याच्या बातम्या नंतर आल्या.

स्वातंत्र्ययुद्धाचं पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्क्यांवर गेली. २०२३ च्या निवडणुकीनंतर मेहमेत शिमशेक अर्थमंत्रालयात परतले, आणि मार्च २०२४ पर्यंत तोच व्याजदर ५० टक्क्यांवर पोचला.

मंगळवारी सकाळी मी पत्रेवाल्याला फोन लावला. डॉलर उतरलाय, आता भाव उतरव. "दादा, गोदामातला माल मी १८ च्या डॉलरने भरलाय," तो म्हणाला. "आणि उद्या किती असेल ते तुम्ही सांगा, त्या भावाने देतो." मी निम्म्याच मालाची ऑर्डर दिली. लिरात.