अनिसाकिस: तिसऱ्या महिन्याच्या नोंदी

आधी मागच्या नोंदीतली चूक दुरुस्त करतो. डोक्याकडे टोकदार दात दिसला म्हणून माशांतून काढलेल्या सगळ्या अळ्यांवर मी ‘अनिसाकिस’ (समुद्री माशांत अळीच्या रूपात राहणारा परजीवी गोलकृमी) अशी चिठ्ठी लावली होती. तसला दात हिस्टेरोथायलेसियम या माशांतल्याच दुसऱ्या गोलकृमीच्या अळीलाही असू शकतो. खरी ओळख पटते ती आत, अन्ननलिकेच्या शेवटी.

या महिन्यात रॉटरडॅमच्या बाजारातून चार अख्खे बांगडे आणले. आपल्याकडचा बांगडा वेगळा. हा उत्तर अटलांटिकमधला, पण कूळ तेच. आतड्यांवर आणि यकृतावर मिळून 31 अळ्या निघाल्या, चपट्या वेटोळ्यात निजलेल्या. सरळ केली की एकेक अळी दोन-अडीच सेंटिमीटर भरते.

अळी दुधाळ असते, त्यामुळे थेट भिंगाखाली आतलं काही कळत नाही. या वेळी 70 टक्के अल्कोहोलमध्ये थोडं ग्लिसरीन घालून त्यात अळ्या ठेवल्या आणि बशी उघडी ठेवली. चार दिवसांत अल्कोहोल उडून गेलं, ग्लिसरीन उरलं आणि अळ्या काचेसारख्या झाल्या! 40 पट मोठं करून पाहिलं, तर अन्ननलिकेनंतरचा ग्रंथीचा जाड ठोकळा, म्हणजे व्हेंट्रिक्युलस, स्पष्ट दिसला. आतड्याशी त्याचा सांधा तिरका, मागेपुढे कुठलाही फाटा नाही. हिस्टेरोथायलेसियममध्ये एक फाटा पुढे आणि एक मागे जातो. अशा दोन अळ्या निघाल्या. बाकी 29 अळ्यांच्या शेपटीला बारीक काटा आहे, म्हणून त्या अनिसाकिस, प्रकार 1. भाग उत्तर समुद्राचा असल्यामुळे जात सिम्प्लेक्सच असावी, पण डीएनए तपासल्याशिवाय चिठ्ठीवर तसं लिहिणार नाही.

मांसासाठी वेगळी युक्ती केली. पोटाकडचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोळपाटावर पातळ दाबले, रात्रभर गोठवले आणि अंधारात 365 नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली धरले. गोठून मेलेली अळी निळसर पांढरी चमकते. काटेही चमकतात, पण ते सरळ असतात. दोन अळ्या सापडल्या. नुसत्या डोळ्यांनी त्या मला मुळीच दिसल्या नव्हत्या.

नव्यांसाठी: हातमोजे घालाच. अळीतली काही ॲलर्जीकारक प्रथिनं शिजवूनही टिकतात.

पुढे हेरिंग मासा पाहायचा आहे. कच्च्या हेरिंगमधून ही अळी माणसाच्या पोटात जाते, हे याच देशात, नेदरलँड्समध्ये, संशोधक व्हान थील आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये मांडलं आणि 1968 पासून इथे कच्चा खायचा हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं. त्यामुळे गाडीवरच्या हेरिंगमध्ये जिवंत अळी मिळायची नाही. न गोठवलेला, पोट न फाडलेला मासा मिळवावा लागेल. मासेवाल्याला सांगून ठेवलंय.