वेबर्न ते ओटावा : टॉमी डग्लस यांच्या वाटेने

कॅनडाचं राजकारण समजून घ्यायचं म्हणून बहुतेक पाहुणे थेट ओटावाला जातात. तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा पाया घालणाऱ्या टॉमी डग्लस यांच्यासाठी प्रवास करायचा असेल तर ओटावा शेवटी ठेवा आणि अर्ध्याहून जास्त दिवस सास्काचेवान प्रांताला द्या. या प्रांताचे सतरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्या या माणसाचं खरं काम प्रांताची राजधानी रेजायना इथे झालं. ते केंद्रात नेते असताना पक्षाला कधी पंचवीस जागाही मिळाल्या नाहीत, तरी रेजायनात सिद्ध झालेली आरोग्यविम्याची योजना त्यांनी देशभर नेण्यासाठी लावून धरली. कॅनडाच्या राज्यघटनेनुसार रुग्णालयं हा प्रांतांचा विषय आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की या प्रवासातल्या बाकीच्या जागा आपोआप सुसंगत लागतात.

आधी वाहनाचं. गाडी भाड्याने घेतल्याशिवाय हा भाग जमत नाही. रेजायनाला १९९० पासून प्रवासी रेल्वे नाही; देश ओलांडणारी गाडी सास्काटूनवरून जाते, तीही आठवड्यातून मोजक्या वेळा आणि अडनिड्या तासाला. गावोगाव जाणारी सरकारी बस कंपनी डग्लस यांच्याच सरकारने १९४६ मध्ये काढली होती. २०१७ मध्ये ती बंद झाली, आणि पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून काढता पाय घेतला. मोठ्या शहरांदरम्यान खासगी बस मिळते, पण वेबर्न किंवा बीनफेटला (दोन्ही गावं पुढे येतात) जाऊन त्याच दिवशी परतायचं तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असू द्या. इथल्या नंबरप्लेटबरोबर मूलभूत वाहनविमा सरकारी कंपनीकडूनच येतो, आणि ती कंपनीसुद्धा डग्लस यांच्या पहिल्या कार्यकाळातली. भाड्याच्या काउंटरवर जादा विमा घ्यायला सांगतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: काच आणि खडी यांचं नुकसान यात येतं का? मुख्य रस्ता सोडला की खडीचे रस्ते सुरू होतात आणि समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेला दगड काचेवर बसणं ही इथली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. ट्रक दिसला की वेग कमी करून उजवीकडे सरकायचं. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या रस्त्यावर जायचंच नाही. तिथली चिकण माती चाकात भरते आणि गाडी जागची हलत नाही. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, म्हणून लांबचा पल्ला दुपारीच उरकावा. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी.

घड्याळाचंही भान हवं. सास्काचेवान बहुतांशी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. उन्हाळ्यात वेळ अल्बर्टाशी जुळते, हिवाळ्यात मॅनिटोबाशी, आणि भारतापेक्षा वर्षभर साडेअकरा तास मागे राहते. मॅनिटोबातून येताना उन्हाळ्यात एक तास पदरात पडतो, उलट जाताना तो जातो. विमान चुकतं ते याच हिशेबात.

डग्लस यांचा जन्म १९०४ मधला, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला आल्यावर त्यांच्या पायाच्या हाडाचा जुना संसर्ग बळावला. घरची ऐपत नसल्याने पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. उपचार नशिबावर अवलंबून असू नयेत हे त्यांचं पुढच्या आयुष्यातलं म्हणणं इथून सुरू होतं. विनिपेगमध्ये थांबणार असाल तर मेन स्ट्रीटवर, मार्केट अव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळ, कललेल्या ट्रामचं स्मारक आहे तेवढं पाहा. १९१९ च्या सार्वत्रिक संपात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, तो किशोरवयीन डग्लस यांनी जवळच्या छपरावरून पाहिला होता. शहरात बाकी काही त्यांच्यासाठी शोधत बसू नये.

वेबर्न रेजायनाच्या आग्नेयेला साधारण ११५ किलोमीटरवर आहे: सहा नंबरच्या महामार्गाने दक्षिणेला, मग ३९ नंबरवर डावीकडे. सव्वा तास पुरतो. १९३० मध्ये डग्लस इथे कॅल्व्हरी बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक म्हणून आले आणि लगेच दुष्काळ व मंदीच्या तावडीत सापडलेला गाव त्यांच्या पदरात पडला. ते चर्च मूळ जागेवरून हलवून जतन केलं आहे. आता तिथे त्यांच्या नावाचं नाट्य-कला केंद्र चालतं. ते रोज उघडं असेलच असं धरू नका, आदल्या दिवशी फोन करा. सूरिस नदीच्या बाजूला त्यांचा कांस्य पुतळा आहे. त्याचं अनावरण २०१० मध्ये त्यांचा नातू, अभिनेता कीफर सदरलँड याने केलं. गावातलं प्रचंड मनोरुग्णालय मात्र पाडून टाकलं आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेवर विसंबून ते शोधू नका.

मनोरुग्णालयाचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. वेबर्नमध्ये असतानाच डग्लस यांनी मॅकमास्टर विद्यापीठासाठी एम.ए.चा प्रबंध लिहिला, १९३३ चा. त्यात 'सदोष', म्हणजे मानसिकदृष्ट्या दुर्बल, समजल्या गेलेल्या लोकांच्या नसबंदीची शिफारस आहे. पुतळ्यापाशी उभं राहताना हेही माहीत असावं, असं मला ठामपणे वाटतं. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी तसा कायदा आणला नाही. शेजारच्या अल्बर्टात तो १९२८ ते १९७२ होता, म्हणजे तेव्हा हवा कुठल्या दिशेची होती ते दिसतं. माणूस बदलला. पण लिहिलेलं लिहिलेलंच आहे आणि त्यांच्या चाहत्यांनी ते लपवू नये.

वेबर्नहून त्याच ३९ नंबरने एस्टेवन सुमारे ८५ किलोमीटर. तिथे २९ सप्टेंबर १९३१ रोजी कोळसा खाणकामगारांच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन कामगार मेले. ते तिघे शेजारच्या बीनफेटच्या स्मशानभूमीत आहेत. नाव फ्रेंच वळणाने लिहिलेलं असतं. रस्ता विचारताना मात्र 'बीनफेट'च म्हणा. त्यांच्या सामाईक दगडावर पोलिसांनी मारल्याचा उल्लेख आहे, आणि पोलिसदलाचं नाव वर्षानुवर्षं कोणीतरी खोडत आलं व कोणीतरी पुन्हा रंगवत आलं. डग्लस या संपकऱ्यांच्या बाजूने बोलले होते. प्रवचन करणारा माणूस निवडणुकीकडे का वळला, याचं उत्तर मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा या खाणपट्ट्यात जास्त स्पष्ट दिसतं. गावात खाण्याची सोय मोजकी आहे, जेवण एस्टेवनमध्येच करून घ्या.

१९३४ मध्ये ते प्रांताच्या निवडणुकीत हरले. १९३५ मध्ये वेबर्नमधूनच खासदार झाले, दोनदा निवडून आले आणि १९४४ मध्ये ती खासदारकी सोडून प्रांतात परतले. म्हणजे त्यांची वाट सरळ 'प्रांतातून केंद्रात' अशी नाही: आधी केंद्र, मग प्रांत, मग पुन्हा केंद्र. हा क्रम विसरलात तर १९४४ चा अर्थ निसटतो. संसदेत नऊ वर्षं विरोधी बाकावर काढलेल्या माणसाला कळलं होतं की रुग्णालयं चालवायची तर रेजायनात बसावं लागेल.

रेजायनातलं विधान भवन वास्काना तलावाच्या काठी आहे. तलाव माणसाने खणलेला, इमारत १९१२ मध्ये खुली झालेली, भिंतींचा टिंडल दगड मॅनिटोबातून आणलेला. नीट पाहिलं तर त्यात जीवाश्म दिसतात. मार्गदर्शकासह फेरी फुकट आहे. सभागृहात उभे राहाल तेव्हा आकडा आठवा: १९४४ मध्ये ५२ पैकी ४७ जागा डग्लस यांच्या सीसीएफ पक्षाच्या. कॅनडाच्या कुठल्याही प्रांतात समाजवादी पक्षाचं सरकार आलं ते इथे पहिल्यांदा. आरोग्यखातं त्यांनी सुरुवातीची काही वर्षं स्वतःकडेच ठेवलं. मार्गदर्शक वास्तुकलेवर भर देतात. राजकीय भाग तुम्हाला प्रश्न विचारून काढून घ्यावा लागतो.

काय विचारायचं, तर पैशाचं. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतभर रुग्णालय-विमा सुरू झाला: माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०. रुग्णालयाचा खर्च प्रांत उचलत होता, डॉक्टरांच्या फीचा प्रश्न तसाच होता. तो लगेच का सोडवला नाही? कारण तिजोरीत तेवढं नव्हतं. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, डीफनबेकर पंतप्रधान होण्याच्या थोडं आधी, केंद्राने रुग्णालय-विम्याचा जवळपास निम्मा खर्च देणारा कायदा केला. पैसे मिळू लागले १९५८ पासून. सास्काचेवान जो भार एकटं वाहत होतं तो निम्मा झाला आणि मोकळ्या झालेल्या पैशावर डग्लस यांनी १९५९ मध्ये डॉक्टरी उपचारांची योजना जाहीर केली. क्रम असा आहे: प्रांताने करून दाखवलं, केंद्राने पैसे दिले, त्या पैशाने प्रांताने पुढची पायरी गाठली. कॅनडात आजही याच साखळीने गोष्टी होतात.

सगळं जमलं असंही नाही. सरकारने काढलेला बुटांचा कारखाना, कातडी कमावण्याचा कारखाना आणि मूस जॉ शहरातली लोकरगिरणी बुडाली. स्थानिक बाजार लहान आणि पूर्वेकडचा माल स्वस्त, तिथे टिकाव लागला नाही. वीज, दूरध्वनी, विमा हे टिकले, कारण त्यांचं गिऱ्हाईक प्रांतातच होतं.

वेळ असेल तर रेजायनाहून पश्चिमेला एक नंबरच्या महामार्गाने साधारण २४५ किलोमीटर स्विफ्ट करंट करा. पाहण्यासारखी भव्य वास्तू नाही. पण १९४६ मध्ये या आरोग्य विभागाने कराच्या पैशातून डॉक्टरांचं बिल भरायला सुरुवात केली आणि प्रांतव्यापी योजनेचं गणित इथल्या अनुभवावर बसवलं गेलं. ज्यांना फक्त छायाचित्रं हवीत त्यांनी हा फाटा सोडला तरी चालेल. ज्यांना योजना कशी तयार होते हे पाहायचं आहे त्यांनी सोडू नये.

सास्काटून रेजायनाहून ११ नंबरने अडीच तासांवर. १ जुलै १९६२ ला डॉक्टरी योजना लागू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. २३ दिवस. ब्रिटनमधून डॉक्टर आणले गेले, लोकांनी स्वतःचे सामुदायिक दवाखाने उभे केले. सास्काटूनमधला असा दवाखाना आजही चालू आहे. तो चालता दवाखाना आहे, तेव्हा बाहेरूनच पाहा. २३ जुलैला सास्काटून करार झाला. तेव्हा मुख्यमंत्री डग्लस नव्हते, वूड्रो लॉइड होते. संपाचा सगळा मार लॉइड यांनी झेलला आणि नाव मात्र डग्लस यांचं झालं. हा अन्याय मला खटकतो.

डग्लस तेव्हा मुख्यमंत्री नव्हते, कारण १९६१ च्या ऑगस्टमध्ये ओटावाच्या अधिवेशनात, सीसीएफमधून उभ्या राहिलेल्या नव्या एनडीपी पक्षाने डग्लस यांना नेता निवडलं होतं आणि नोव्हेंबरात त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. १८ जून १९६२ ला, योजना लागू व्हायच्या तेरा दिवस आधी, ते रेजायनातच कॅनडाच्या लोकसभेला (हाउस ऑफ कॉमन्स) उभे राहिले आणि पडले. डॉक्टरांच्या वादाचा राग मतपेटीत उतरला.

मग ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नबी-कोक्विटलमच्या खासदाराने त्यांच्यासाठी जागा मोकळी केली आणि ऑक्टोबरात पोटनिवडणुकीत ते आले. व्हँकुव्हरहून स्कायट्रेनने एडमंड्स स्थानकाला उतरा. किंग्जवेवर टॉमी डग्लस यांच्या नावाचं सार्वजनिक वाचनालय पायी अंतरावर आहे. दुसऱ्या एका प्रांतीय नेत्यालाही बर्नबीनेच संसदेत नेलं: ओंटारिओचे आमदार जगमीत सिंग २०१७ मध्ये एनडीपीचे नेते झाले आणि २०१९ च्या बर्नबी साउथच्या पोटनिवडणुकीने खासदार. २०२५ मध्ये तेही बर्नबीतच हरले. डग्लस १९६८ मध्ये तिथे १३८ मतांनी पडले, मग फेब्रुवारी १९६९ मध्ये नानाइमोतून परत आले. नानाइमोची फेरी हॉर्सशू बेहून १ तास ४० मिनिटांची. उन्हाळी शनिवार-रविवारी गाडीसाठी आरक्षण लागतं. पायी प्रवाशाला सहसा जागा मिळते.

ओटावाला संसदेची मुख्य इमारत, सेंटर ब्लॉक, २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. डग्लस जिथे बोलले ते सभागृह त्यामुळे दिसत नाही. लोकसभा सध्या वेस्ट ब्लॉकमध्ये भरते. फुकट फेरीची वेळ ऑनलाइन आधी घ्यावी, विमानतळासारखी तपासणी होते, मोठी बॅग आत नेता येत नाही. १९६३ ते १९६८ पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांचं सरकार अल्पमतात होतं. एनडीपीच्या १७ आणि नंतर २१ खासदारांचं वजन त्यामुळेच वाढलं, १९६६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. ऑक्टोबर १९७० मध्ये, क्वेबेकमधल्या अपहरणांनंतर सरकारने लागू केलेल्या युद्धकालीन अधिकारांच्या कायद्याविरुद्ध मत देणारे फक्त १६ होते, सगळे एनडीपीचे, त्यांत डग्लस. माझ्या लेखी केंद्रातल्या त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी दिवस तो. वेलिंग्टन स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागार आहे; पोलिसांनी अनेक दशकं त्यांच्यावर पाळत ठेवून जमवलेली हजाराहून अधिक पानांची फाइल अभिलेखागाराच्या ताब्यात आली. समाधी बीचवूड स्मशानभूमीत आहे.

मुलांकडे टोरोंटोला किंवा कॅल्गरीला येणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी एक सांगणं. ही सरकारी योजना पाहुण्यांना लागू नाही. व्हिजिटर व्हिसावर खासगी प्रवासविमा घ्यावा. आईवडिलांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या सुपर व्हिसाला तर किमान १ लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे. जुने आजार विम्यात येतात का आणि किती महिने स्थिर असावे लागतात, हे कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दावे बहुधा तिथेच अडतात.

राहिला महिना. सास्काचेवानचे रस्ते जून ते सप्टेंबर सोपे, जानेवारीत उणे तीस. पण लोकसभा जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरत नाही, आणि प्रश्नोत्तरं ऐकायची तर सोमवार ते गुरुवार दुपारी सव्वादोन किंवा शुक्रवारी सव्वाअकराला प्रेक्षक सज्जात असावं लागतं. दोन्ही साधायचं तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेजायनाला उतरा, दहा दिवस तिकडे काढा आणि महिनाअखेरीस ओटावा गाठा.