काताविन्याच्या वाळवंटात एक रात्र: रांचो सांता इनेसचा मुक्काम

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातून उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग क्रमांक १ सन १९७३ मध्ये पूर्ण झाला. अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआनापासून दक्षिण टोकापर्यंत तो सुमारे १,७०० किलोमीटर आहे. त्यावर साधारण ४८० किलोमीटर गेलं की काताविन्या येतं. घरं मोजकी, आणि चौफेर बैलगाडीएवढे, घराएवढे ग्रॅनाइटचे गोल धोंडे. गावाच्या दक्षिणेला लगेचच डावीकडे फाटा फुटतो. तो रांचो सांता इनेस या जुन्या रांचोकडे, म्हणजे गुरं पाळणाऱ्या वाडीकडे जातो. इथे तंबू टाकता येतो.

हा मुक्काम सुखाचा होणार की हालाचा, हे रांचोवर ठरत नाही. ते १२० किलोमीटर आधी, एल रोसारिओ हे गाव सोडताना गाडीत काय आहे आणि घड्याळात किती वाजलेत, यावर ठरतं. म्हणून इथे रात्रीपेक्षा तिच्या आधीच्या दिवसाबद्दल जास्त लिहिलं आहे.

सॅन डिएगो किंवा लॉस एंजेलिसकडून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी कागदपत्रांचं आधी सांगतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपली असेल आणि हातात फक्त नोकरीच्या मंजुरीचा कागद असेल, तर ही सवलत मिळत नाही. एच-१बी वर असलेल्यांची सर्वाधिक गफलत इथे होते. दुसरी गफलत सीमेवर. गाड्या न थांबता पुढे सरकत राहतात, कोणी अडवत नाही, आणि पर्यटक परवाना घ्यायचा राहून जातो. स्वतःहून गाडी बाजूला घ्या, इमिग्रेशनच्या खिडकीवर जा आणि परवान्यावर शिक्का घ्या. गाडीसाठी तात्पुरत्या आयातीचा परवाना या द्वीपकल्पात लागत नाही. मेक्सिकोत चालणारा विमा मात्र हवाच, कारण अमेरिकेतला विमा तिथे समोरच्याच्या नुकसानीला धरत नाही. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायची लेखी परवानगी घ्या आणि कच्च्या रस्त्याबद्दल करारात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक करारांत कच्चा रस्ता वगळलेला असतो.

औषधांच्या डब्यातून स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्या काढून टाका, मेक्सिकोत त्यांना बंदी आहे. ई-सिगारेटही नको. बंदूक सोडाच, डिकीत विसरलेली एखादी गोळी सापडली तरी तुरुंगाची वेळ येते. दुसऱ्याची गाडी उसनी घेतली असेल तर सीटखालपर्यंत तपासा.

तिहुआनाहून काताविन्या एका दिवसात गाठायचा बेत करू नका. थांबे न धरता आठ तास लागतात, आणि डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिली रात्र सान किन्तिनला काढावी. टोमॅटो-स्ट्रॉबेरीच्या शेतांचा हा पट्टा, आणि वाटेतला शेवटचा मोठा बाजार. किराणा, बर्फ, पाणी, पेसोंची रोकड सगळं इथेच घ्या. काताविन्यात एटीएम नाही. ५०, १०० आणि २०० च्या नोटा ठेवा. ५०० ची नोट रांचोवर सुटी होईलच असं नाही.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, पण ते चुकणाऱ्या गाड्या दर हंगामात दिसतात. एल रोसारिओनंतरचा पंप थेट गेरेरो नेग्रोच्या थोडं अलीकडे, वीया हेसुस मारियाला. मध्ये ३०० किलोमीटरच्या आसपास काही नाही. लिटरला १० किलोमीटर देणाऱ्या गाडीला नुसतं पुढे जायला ३० लिटर हवं, आणि आडवाटेला शिरलात तर आणखी दहा धरा. सान किन्तिनला टाकी भरा आणि एल रोसारिओला पुन्हा काठोकाठ भरा. दोनदा अशासाठी, की एल रोसारिओत वीज गेली किंवा टँकर आला नाही तर पंप बंद असतो. पंपावर नळी लावण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, ते पाहा. काताविन्यात रस्त्याकडेला लोक पिंपातून पेट्रोल विकतात. ते महाग असतं आणि कधी गाळही येतो. अडल्यावर घ्यावंच लागलं तर जाळीच्या नरसाळ्यातून ओतून घ्या.

पाण्याचा हिशोब माणशी धरावा. दिवसाला पिण्याचे ५ लिटर, स्वयंपाकाला २, हातपाय, भांडी आणि संडासला मिळून २. दोघं, दोन दिवस म्हणजे ३६ लिटर. मेक्सिकोत शुद्ध पाण्याचा २० लिटरचा जार मिळतो, त्याला गाराफोन म्हणतात. असे दोन घेतले की काम भागतं. रांचोवर पाणी असतं, पण ते माणसांचं आणि गुरांचं. पाहुण्यानं ते गृहीत धरू नये. जार डिकीत आडवा ठेवला तर खडबडीत रस्त्यावर बूच निघतं. उभा ठेवा, पट्ट्यानं बांधा, आणि उपसायला हातपंप सोबत घ्या.

एल रोसारिओवरून सकाळी दहाच्या आत निघावं. इथून रस्ता समुद्राकडे पाठ करून आत वळतो आणि थोड्याच वेळात सिरिओ दिसू लागतात. उलटा रोवलेला पांढरा मुळा आणि त्याच्या अंगभर काड्या टोचलेल्या, असं हे झाड. देवळात लावायच्या उंच मेणबत्तीला स्पॅनिशमध्ये सिरिओ म्हणतात, त्यावरून नाव पडलं. पंधरा मीटरपर्यंतची झाडं सहज दिसतात आणि ती फार हळू वाढतात. सोबत कार्दोन हा खांबासारखा अजस्र निवडुंग. हा सगळा मुलूख १९८० पासून संरक्षित आहे. वाळलेलं सिरिओ किंवा कार्दोनचा सांगाडा जळणाला उचलू नका.

रस्ता अरुंद आहे. दोन ट्रक समोरासमोर आले की त्यांचे आरसे हातभर अंतरावरून जातात, आणि डांबराच्या कडेला बहुतेक ठिकाणी साइडपट्टीच नाही, थेट उतार. ताशी ८० च्या वर जाऊ नये. "वादो" अशी पाटी दिसली की पुढे ओढ्याचा खोलगट भाग आहे. पाऊस झाला असेल तर त्यातून पाणी वाहतं, आणि ओसरल्यावर वाळू-दगड मागे राहतात. अंधार पडल्यावर गुरं उबदार डांबरावर येऊन उभी राहतात, आणि काळी गाय हेडलाइटमध्ये अगदी शेवटच्या क्षणी दिसते. रात्री गाडी न चालवण्याचं मुख्य कारण हेच आहे.

डाव्या इंडिकेटरचं नीट समजून घ्या. पुढच्या ट्रकनं डावा दिवा दिला तर त्याचा अर्थ बहुधा "रस्ता मोकळा आहे, ओलांडून जा" असा असतो. रांचोचा फाटा दक्षिणेला जाताना डावीकडेच आहे. तुम्ही वळायला डावा इंडिकेटर दिलात की मागचा ट्रक त्याला आमंत्रण समजून डावीकडून पुढे निघतो, आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात वळता. मागे कोणी असेल तर वळूच नका. सरळ पुढे जा, रुंद जागा बघून थांबा, मागची वाहनं जाऊ द्या आणि परत या. पाच मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत.

वाटेत लष्कराचं तपासणी नाकं लागतं. गॉगल काढा, काच खाली करा, आतला दिवा लावा. "कुठून आलात, कुठे चाललात" एवढं विचारतात. "काताविन्या, आकाम्पार", म्हणजे काताविन्याला तंबू टाकायला, हे उत्तर पुरतं. सामान उघडायला सांगितलं तर गाडीपाशी उभं राहून पाहावं, फोटो काढू नयेत.

काताविन्याच्या अलीकडे काही किलोमीटरवर भित्तिचित्रांची छोटी गुहा आहे. रस्त्यापासून दहा-पंधरा मिनिटांची चढण. लाल, काळ्या, पिवळ्या रंगातल्या आकृत्या, सूर्यासारखी वर्तुळं. दुपारच्या तिरप्या उजेडात बघावी. हात लावू नका, फ्लॅश वापरू नका.

रांचोवर उन्हं असताना, हिवाळ्यात तीनपर्यंत पोचा. आवाराशी गाडी थांबवा आणि लगेच उतरू नका. कुत्री असतात, घरातलं माणूस बाहेर येऊन त्यांना हाकेपर्यंत आत बसा. मग "ब्वेनास तार्देस, से प्वेदे आकाम्पार?" म्हणजे नमस्कार, तंबू टाकता येईल का. "क्वान्तो पोर नोचे?" म्हणजे रात्रीचे किती. पैसे तिथल्या तिथे द्या. वयस्क बाईंना "सेन्योरा", बाप्यांना नावाआधी "दोन" (आकडा नव्हे, आदराचा स्पॅनिश शब्द) लावून बोलावं. आपल्याकडच्या काकू-काकांइतकाच त्याचा मान आहे. वाटेत फाटक लागलं तर जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. "नीट" म्हणून बंद केलेल्या फाटकामुळे गुरं पाण्यापासून तुटतात.

तंबूसाठी आरोयो, म्हणजे कोरड्या ओढ्याची सपाट वाळू सगळ्यात मोहक दिसते. तिथे कधीच नाही. वीस किलोमीटरवर डोंगरात पडलेला पाऊस इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा घेऊन येतो. काठापासून दोन-अडीच मीटर उंच जागा बघा, धोंड्याच्या आडोशाला. इथली माती म्हणजे ग्रॅनाइटचा चुरा, जाड्या साखरेसारखा. तंबूसोबत येणाऱ्या १५-२० सेंटिमीटरच्या खुंट्या त्यात शिरतात सहज आणि सुटतातही तितक्याच सहज. त्याऐवजी चार-सहा कापडी पिशव्या न्या. त्यात हाच चुरा भरा, तोंडाला दोरी बांधा, ३० सेंटिमीटर खोल पुरा आणि वरून पाय देऊन दाबा. संध्याकाळच्या वाऱ्यात फक्त असे नांगर टिकतात. निघताना चुरा तिथेच ओता, खड्डे बुजवा.

चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे जमिनीवर पडलेले असतात आणि नुसत्या स्पर्शानं चिकटतात. बोटांनी काढायला गेलात तर बोटं अडकतात. जाड दातांचा कंगवा काट्यांखाली सरकवून झटक्यानं उडवा, राहिलेले काटे चिमट्यानं काढा. तंबूखाली चादर अंथरण्याआधी जमीन बुटानं घासून साफ करा. हवेच्या गादीला चोयाचा एक काटा पुरतो, म्हणून फोमची गादी बरी. विंचू इथे आहेत. अतिनील विजेरीत ते हिरवट चमकतात, झोपण्याआधी तिनं तंबूभोवती एक फेरी मारा. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. रॅटलस्नेक उष्ण महिन्यांत जास्त. लाकडाच्या ढिगात आणि धोंड्याखालच्या फटीत हात घालू नका. सर्वात जवळचं मोठं इस्पितळ सान किन्तिनला, म्हणजे जवळपास तीन तासांवर.

मोबाइलची रेंज धरून चालू नका. सॅटेलाइट मेसेंजर न्यावा, पण तो घेऊन भारतात उतरू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असं उपकरण बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी त्यासाठी अडकलेत.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: "मान्तेका", म्हणजे डुकराची चरबी. राजमा शिजवताना आणि मैद्याच्या तोर्तियाच्या कणकेतही ती असते. "सिन कार्ने" सांगून ती टळत नाही, कारण चरबीला कोणी मांस समजत नाही. "तिएने मान्तेका?" असं थेट विचारा. मक्याची तोर्तिया बहुधा निर्धोक. स्वतः रांधणार असाल तर दोन लिटरचा कुकर आणि मुगाची खिचडी हा उत्तम बेत. पाणी मोजून लागतं, गॅस कमी जळतो, भांडं एकच. खरकटं आधी कागदानं पुसा, मग वाटीभर पाण्यात भांडं धुऊन होतं. शेकोटी आधीच्याच जागी करा, लाकूड रांचोवरून विकत घ्या. उरलेलं खाणं गाडीत, नाहीतर पहाटेपर्यंत कोयोटी किंवा गुरं फडशा पाडतात. संडासात कागद भांड्यात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. इथले शोषखड्डे तुंबतात. कचरा परत सान किन्तिनला न्यावा.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळी पावसाचे. हिवाळ्यात रात्र गोठणबिंदूजवळ येते, शून्य अंशाची झोपपिशवी हवी. बाहा १००० या मोटारशर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. ती नोव्हेंबरात असते, तेव्हा आधी तारखा बघून घ्या.

अमावस्येची रात्र निवडा. जागा सुमारे ३० अक्षांशावर असल्यानं ध्रुव पुण्यामुंबईहून बराच वर चढलेला दिसतो, आणि अगस्ती मात्र दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम सात-आठ अंश वर येतो. जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास, दक्षिणेकडे धोंडे आड येणार नाहीत अशा जागी उभं राहावं.

दुसऱ्या दिवशी सांता मारिया मिशनचे अवशेष पाहायचे असतील, तर रांचोवरून पूर्वेला वीस किलोमीटरहून थोडा अधिक कच्चा रस्ता आहे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी १७६७ साली उभारलेलं हे इथलं त्यांचं शेवटचं मिशन. त्याच वर्षी त्यांच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला. कच्च्या विटांच्या थोड्या भिंती उरल्या आहेत. फोर-व्हील-ड्राइव्ह, उंच गाडी आणि सोबत दुसरी गाडी नसेल तर जाऊ नका. एका बाजूला दोन-तीन तास धरा. टायरची हवा दगडांवर २५ पीएसआय, मऊ वाळूत १८-२० पर्यंत खाली आणावी. परत डांबरावर येताच कॉम्प्रेसरनं भरून घ्यावी, कारण कमी हवेत वेगानं पळवलेला टायर बाजूनं तापून फाटतो. पंक्चरच्या दोऱ्या टायरच्या तळव्यालाच चालतात, बाजूच्या भिंतीला नाहीत, म्हणून पूर्ण मापाची स्टेपनी हवी. निघण्याआधी रांचोवर विचारा की रस्ता शेवटचा कोणी आणि कधी पार केला. उत्तर "पावसानंतर कोणी नाही" असं आलं, तर तो दिवस धोंड्यांमध्ये पायी फिरण्यात घालवा.

परतीला रविवार संध्याकाळ टाळा, तिहुआनाच्या नाक्यावर तासन्‌तास जातात. काताविन्याहून सकाळी आठला निघालात की एल रोसारिओत दहाला पोचता. तिथे टायरची हवा आणि तेल बघा, आणि पुन्हा टाकी भरा.