स्वाहिलीतील अर्थाचे प्रकार आणि एक छोटासा उपसर्ग

जेफ्री लीच या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने 1974 मध्ये अर्थाचे सात प्रकार मांडले. ही विभागणी सोयीची आहे, परंतु स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतील भाषेसाठी ती मला अपुरी वाटते. कारण बोलणाऱ्याचा भाव, जो आपण सहसा शब्दांच्या निवडीत किंवा आवाजाच्या चढउतारात शोधतो, तो या भाषेत थेट व्याकरणात मुरलेला असतो.

स्वाहिलीतील नामे वर्गांमध्ये विभागलेली असून वर्ग बहुधा उपसर्गावरून ओळखता येतो. 'म्तोतो' म्हणजे मूल. त्याचे 'कितोतो' केले की ते चिमुकले होते, आणि त्यात लाड आहे की तुच्छता हे प्रसंगावरून ठरते. उलट 'म्तू', म्हणजे माणूस, 'जितू' झाला की राक्षसासारखा धिप्पाड होतो. मात्र 'कि' आला की अवमान झालाच, असेही नाही. 'किजाना' (तरुण) आणि 'किओंगोझी' (नेता) या शब्दांत तो निमूटपणे नांदतो.

खरी गंमत क्रियापदात आहे. 'किपोफू' म्हणजे अंध व्यक्ती. 'किपोफू अमेफिका', म्हणजे अंध व्यक्ती आली, या वाक्यातील 'अ' हा सजीवांसाठीचा आहे. त्याऐवजी वस्तूंसाठीचा 'कि' लावून 'किपोफू किमेफिका' म्हटले, तर वाच्यार्थ तसूभरही बदलत नाही, पण त्या व्यक्तीला वस्तूंच्या रांगेत बसवल्यासारखे होते. मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये, कारण 'कार्टं आलं' म्हणताना आपणही रागाचा, क्वचित लाडाचा, भार नपुंसकलिंगावरच टाकतो. हा अर्थ व्याकरणिक म्हणावा की भावनिक? माझ्या मते तो दोन्ही आहे.

लीचच्या प्रकारांपैकी सामाजिक अर्थाचे उदाहरण म्हणून 'शिकामो' हे अभिवादन पुरेसे आहे: लहानांनी मोठ्यांना म्हणायचे, मोठ्यांनी 'माराहाबा' असे उत्तर द्यायचे, समवयस्कांत ते विचित्र ठरते. साहचर्याचा अर्थ, म्हणजे सोबतच्या शब्दामुळे मिळणारा अर्थ, 'पिगा' या क्रियापदात दिसतो. त्याचा मूळ अर्थ मारणे, पण 'पिगा सिमू' म्हणजे फोन करणे, 'पिगा पासी' म्हणजे इस्त्री करणे आणि 'पिगा कुरा' म्हणजे मत देणे.

वाक्यात कशावर रोख आहे हे सांगणारा अर्थही पुन्हा अशाच एका अक्षरावर येऊन ठेपतो. 'निमेओना किताबू' म्हणजे मी एक पुस्तक पाहिले. 'निमेकिओना किताबू' म्हटले की ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले ते पुस्तक अभिप्रेत असते, आणि फरक तेवढा मधल्या 'कि'चा.