तीन हजारांत सायकलची डागडुजी

जळगाव जिल्ह्यातल्या अडावदच्या शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी एक जुनी हायब्रिड सायकल साडेपाच हजारांत घेतली. चोपड्याहून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, तेही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, केळीच्या ट्रकांना वाट देत. मागच्या उन्हाळ्यात तिच्यावर खर्च करायचा ठरवला. हाताशी ३,००० रुपये होते.

माझा जीव पुढच्या शॉकअपवर होता. तो घेतला असता तर सगळे पैसे तिथेच संपले असते. पंक्चरवाले काका म्हणाले, "पयले टायर बदला ताई, बाकीनं मंग दखूत."

आमच्याकडे बांधाला वेड्या बाभळीच्या फांद्या टाकतात, त्यांचे काटे रस्त्याच्या कडेला येतात. एका एप्रिलमध्ये माझी नऊ पंक्चर झाली होती. म्हणून ७००×३५ मापाचे जाड रबराचे दोन टायर १,४०० ला घेतले, ट्यूब ४०० ला. जुन्या ट्यूब टाकल्या नाहीत. व्हॉल्व्हचा भाग कापून त्या उभ्या चिरल्या आणि टायर नि नव्या ट्यूबच्या मध्ये अस्तरासारख्या बसवल्या. चिरलेली कड काचपेपरने घासून मऊ करायची आणि वर टाल्कम पावडर लावायची. नाहीतर तीच कड नवी ट्यूब खाते. चाक जड होतं, पण शाळा सुटल्यावर ४४ अंशांत, सावली नसलेल्या रस्त्यावर चाक उघडून बसण्यापेक्षा ते वजन मला चालतं. तेव्हापासून दोनच पंक्चर झाली.

ब्रेकशू दगडासारखे कडक झाले होते. नवे चारही २८० ला, ब्रेक-गिअरच्या वायरी २०० ला.

मग फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. उनपदेवच्या बाजूला सातपुड्याकडे चढ लागला की सगळ्यात हलका गिअरही जड जायचा, कारण मागचं मोठं चक्र २८ दात्यांचं होतं. ३४ दात्यांचं फ्रीव्हील ६५० ला मिळालं. माझ्या डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) ३४ चालतं, हे आधी बघून घेतलं. सगळ्यांना चालत नाही. साखळीही थोडी वाढवावी लागली. जुनं फ्रीव्हील पॅडल मारून मारून इतकं आवळलं होतं की पान्याने हलेना. काकांनी त्याचा पुलर, म्हणजे ते काढायचं हत्यार, शिकंज्यात धरला, चाक त्यावर आडवं बसवलं आणि स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी उलटं फिरवलं. कट्ट आवाज आला नि सुटलं. पुढे पॅडलजवळचं ३८ दात्यांचं चक्र ठेवलं की आता चढ जवळजवळ अठरा टक्के हलका पडतो, आणि समोरून वारा असला तरी मी उतरत नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र फुकटात पडला. सीट फारच खाली होती. टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी वर घेतली, आणि आठवड्यात गुडघ्याचं दुखणं थांबलं.

७० रुपयांचा ग्रीसचा डबा आणलाय. मजुरीचे २०० वर गेले. मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, अजून खरखरतं; जूनमध्ये काळ्या मातीचा चिखल सुरू व्हायच्या आत ते उघडून छर्रे बदलायचे आहेत.