जाग्यावर पलटी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टर्नरनं माझा प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं पेन फिरवून चित्र काढणारं मशीन, खालीवर बघितला आणि म्हणाला, "भावा, एवढ्याशा पेनासाठी एवढा गाडा?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन रॉड, दोन स्टेपर मोटरी, पेन उचलायला चिमुकली सर्व्हो मोटर आणि या सगळ्या लवाजम्याच्या टोकाला स्टेशनरीच्या दुकानातला काळा परमनंट मार्कर. आधी मी रेडियमवाल्याकडे जाऊन आलो होतो. नंबरप्लेटची अक्षरं कापणाऱ्या त्याच्या मशीनमध्ये ब्लेडच्या जागी पेन बसतं. पण ते मशीन कागद रोलरमधून ओढतं, माझा टाकीच्या अलार्मचा १.६ मिलिमीटरचा ताठ सर्किट बोर्ड त्यात शिरेना. म्हणून हा गाडा. पहिल्या दिवशी त्यानं गोल काढायच्या जागी अंडी काढली. "स्क्रूत प्ले आहे, सैल बसलाय," टर्नर न बघताच बोलला.

बोर्डावरचा तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या साधारण निम्मा. पेननं जिथं शाई लावली तिथलं तांबं वाचतं, बाकीचं फेरिक क्लोराइड नावाचं रसायन खातं. त्यामुळे आधी घासणीनं बोर्ड लख्ख घासायचा आणि नंतर त्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की शाई धरत नाही. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, दोन पायांतलं अंतर २.५४ मिलिमीटर, त्यात पाय जोडायच्या दोन टिकल्या आणि मधे मोकळी जागा. पेन टेकल्यावर क्षणभर जरी रेंगाळलं तरी शाई पसरते आणि शेजारी शेजाऱ्याला भिडतो. मग ब्लेडनं खरवडत बसा. मशीन आणलं म्हणून हाताची सुटका होते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फेरिक क्लोराइड दिसायला थेट काकवी. प्लॅस्टिकच्या डब्यात, कोमट करून, डबा हलवत राहायचं. धातूचं भांडं नको आणि बेसिनमध्ये ओतायचं तर मुळीच नाही. लादीवर एक थेंब पडला होता, त्याचा पिवळा डाग अजून आहे. बायको पाहुण्यांना तो दाखवते. पण पंधरा-वीस मिनिटांनी कडेकडेनं तांबं विरत जातं, खालचा पिवळट बोर्ड दिसायला लागतो आणि काळ्या रेघा तेवढ्या उरतात, तेव्हा मला कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही.

तेवढ्यात लक्षात आलं, सगळं उलटं छापलंय.

पार्ट बसतात बोर्डाच्या दुसऱ्या बाजूनं, म्हणून तांब्यावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं. इतकी वर्षं मी लेझर प्रिंट इस्त्रीनं बोर्डावर उतरवत होतो. कागद पालथा पडतो, चित्र आपोआप उलटतं. पेन मात्र थेट तांब्यावर लिहितं, त्याला उलटं चित्र आपणच द्यायला लागतं. आपल्याकडचं 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' मी कॉम्प्युटरवर नेमकं विसरलो होतो. रेझिस्टरला उलटसुलट नसतं, ते बसले. ट्रान्झिस्टर फिरवून बसला. अडला तो ५५५, १९७२ पासून बाजारात असलेला आठ पायांचा टायमर. नवा बोर्ड करायचा कंटाळा आला. चिमट्यानं त्याचे आठही पाय हळूच पाठीकडे वाकवले आणि त्याला उताणा पाडून सोल्डरचा डाग दिला.

गच्चीवरची टाकी भरली की आता तो मेलेल्या झुरळासारखा उताणा पडून बोंबलतो. बायको म्हणते, झाकण लाव त्याला. मी अजून लावलेलं नाही.